क्लचला बांधलेला कासरा

तिगाव, कार्तिक वद्य

श्री. रघुनाथराव जवाईबुवा यांना कवडूचा मनापासून रामराम.

इकडे देवाच्या कृपेने सगळे बरे आहेत, प्रेमलतेचा गुडघा सोडून. तुमची साखर आता कशी आहे? यमुना तुम्हाला चहात गूळ घालून देते असं कानावर आलं. माझी बहीण आहे म्हणून सांगतो, गुळानेही साखर वाढते. तुम्ही माझा फोन उचलत नाही म्हणून हे पत्र. पत्र वाजत नाही, त्यामुळे कापताही येत नाही.

परवा सकाळी मी अंघोळ केली, तुळशीला पाणी घातलं आणि तुमच्याकडून घेतलेल्या गाडीत उताणा झोपलो. डोकं क्लचच्या पेडलखाली, पाय दाराबाहेर. (शेजारची शकुबाई दूध घेऊन जात होती. तिला नुसते पाय दिसले. तिने हाक मारून विचारलं, "वहिनी, भाऊजी बरे आहेत ना?" प्रेमलता चुलीपासूनच म्हणाली, "बरे आहेत. गाडीत देव शोधून राहिले.") देव काही सापडला नाही, पण दिवाळीपासून जे शोधत होतो ते सापडलं. ते तुम्हाला कळायलाच पाहिजे, कारण त्यापायीच तुम्ही आमच्यावर रुसलात, आणि येत्या रविवारी आमच्या पल्लवीचं साक्षगंध आहे. पोरीला पहिलं कुंकू आत्याने लावायचं असतं. आणि आत्या म्हणते, हे येत नसतील तर मीही येत नाही.

रोग असा होता. सकाळी क्लच दाबला की पेडल खाली जायचं आणि खालीच राहायचं. उपासाच्या दिवशी गडी बांधावर बसतो ना, तसं. मग मी पायाचा अंगठा खाली घालून ते वर उचलायचं, की गाडी एकदम उडी मारून बंद पडायची. पांढुर्ण्याच्या मंडीत ती अशीच उडी मारून संत्र्यांच्या ढिगात शिरली. (कुणाला लागलं नाही. संत्री मात्र मला घरी आणावी लागली, अजून खाऊन राहिलो.) दुपारी पाहावं तर तेच पेडल गरीब गाईसारखं वर येणार. विशाल मिस्त्रीकडे नेली ती दुपारीच. त्याने पायाखालचं पायदान काढून पाहिलं, क्लचची तार पाहिली, स्वतः चक्कर मारून आला आणि म्हणाला, "काका, गाडी मस्त चालून राहिली. तुमचा पायच तर नाही ना दुखून राहिला?" गावातल्या दादारावांनी जन्मभर सायकलच चालवली, पण त्यांचं मत पडलं की क्लचची प्लेट गेली. मी मात्र एवढंच धरून बसलो की सकाळी दुखतं आणि दुपारी थांबतं, म्हणजे हे दुखणं थंडीचं आहे.

आता कासऱ्याचं सांगतो, कारण तुमच्या कानावर तो भलत्याच रूपात आला. मुलाकडच्यांना आमचा संत्र्यांचा बगीचा दाखवायचा होता आणि वेळ सकाळची होती. म्हणून मी पेडलला बैलाचा जुना कासरा बांधला आणि दुसरं टोक शेजारी बसलेल्या प्रेमलतेच्या हाती दिलं. मी 'हं' म्हटलं की तिने हळूहळू ओढायचं. खरं सांगतो जवाईबुवा, गाडी इतकी सुरेख कधी निघाली नव्हती. चालवायचो मी, काढायची ती. मागे आमचे होणारे व्याही बापूजी बसले होते. त्यांनी वाकून कासरा पाहिला आणि म्हणाले, "विहीणबाई, मारका आहे का?" ती बिचारी घाबरून बोलून गेली, "जवायाकडची आहे." तिला म्हणायचं होतं की चांगल्या घरची आहे. पण बापूजींचे अर्धे नातेवाईक सौंसरचे, तुमच्याच गल्लीतले. दोन दिवसांत गावभर झालं की रघुनाथरावांनी साळ्याच्या गळ्यात मारकी गाडी बांधली. ज्या गाडीत तुम्ही कुणाला शेंगदाणाही खाऊ दिला नाही, तिच्याबद्दल असं ऐकून तुम्हाला काय वाटलं असेल ते मला समजतं.

परवा सकाळी तुळशीला पाणी घालून ताटावर बसलो, तेव्हा प्रेमलता पोळीला लावायला तूप काढत होती. थिजलेलं, चमचा आत जाईना. तिने डबा चुलीजवळ सरकवला आणि थोड्या वेळात ते वाहू लागलं. मी ताटावरून तसाच उठलो. (अन्नाला नमस्कार करून उठलो.) उजेडाला बॅटरी घेतली आणि पेडलच्या वरच्या सांध्याशी नाक नेलं. तिथे पिवळा, घट्ट गोळा होता, त्यात धूळ, सरकीचा कापूस आणि एक मुंगी. वास घेतला. घरचं तूप, हळद घातलेलं.

ते मीच लावलं होतं. तुमची गाडी घेतली तेव्हा बैलजोडी विकली होती, हे तुम्ही जाणताच. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे शेकतात, तूप-हळदीत पळसाचं पान बुडवून ते खांद्यावर फिरवतात आणि उद्याच्या जेवणाचं आवतण देतात. यंदा गोठा रिकामा. मी तूप गरम करून बसलो होतो, हाताला राहवेना. मग विचार केला, या गाडीत जू कुणाच्या खांद्यावर? बॉनेट नुसतं मिरवतं. प्रत्येक वेळी ओझं घेतो तो क्लच. म्हणून त्याच्या सांध्याला दोनदा तूप चोळलं, आणि आवतणही दिलं. गरमीत ते चाललं. थंडी पडली आणि थिजलं.

म्हणजे खोट तुमच्या गाडीत नव्हती. पेट्रोलच्या फडक्याने सगळं पुसून काढलं, विशालकडचं ग्रीस लावलं, आणि काल पहाटे दव पडत असताना पाहिलं, पेडल बोटभरही अडकलं नाही. बापूजींच्या ओसरीवर जाऊन चार लोकांत हे सगळं सांगून आलो. लोक पोट धरून हसले, बापूजींना तर ठसका लागला. हसू द्या. तुमच्या नावावरचं माझ्या नावावर आलं, एवढंच पाहिजे होतं.

यमुनेला आशीर्वाद. चुकलं असेल ते पदरात घ्या.

तुमचा साळा,
कवडू

ता. क. डाव्या सीटवर हळदीचा डाग पडला आहे. धुतला तर आणखी पसरला. तुमच्या नजरेतून सुटणार नाही, म्हणून आधीच सांगितलं.

आणखी ता. क. पत्र टपालात टाकलं नाही. दोन दिवस मनात घोळत होतं ते आज केलं. पहाटेच्या गारठ्यात गाडी घेऊन सौंसरला आलो आणि तुमच्या फाटकात लावली. तुम्ही अंघोळीला आहात, म्हणून ओट्यावर बसून एवढं लिहिलं. चावी यमुनेच्या हाती दिली आहे. रविवारी स्टेशनवरून पाहुणे आणायला आमच्याकडे आता गाडी नाही, आणि ती तिगावला आणायची तर तुम्हालाच चालवत आणावी लागेल. मी बसने निघालो.