टाचा टेकल्या का?

४ फेब्रुवारी

चि. मुंगीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आपल्या घराण्यातल्या पाच फुटांच्या आतल्या समस्त बायकांनो! (म्हणजे तू आणि मी. बाकीच्या उंचाड्या निघाल्या.) आपल्यावर जन्मापासून एक अन्याय होत आला आहे. आपल्याला कुणी मोजत नाही. नुसतं बघतात आणि अंदाजाने निकालात काढतात.

पुरावा हवा? माझी सायकल बघ. अकरा वर्षांपूर्वी दुकानदाराने मला डोक्यापासून पायांपर्यंत न्याहाळलं, त्याला फार वेळ लागला नाही, आणि एक शब्द न विचारता सीट पार तळाला दाबून टाकली. तेव्हापासून मी तशीच चालवते आहे. पॅडल मारताना गुडघे हनुवटीची चौकशी करायला येतात. दादा, म्हणजे तुझे पूज्य वडील, म्हणतात की मागून मी सायकलवर बसवलेल्या बेडकासारखी दिसते.

आता गुडघ्यांनी बंड पुकारलं आहे. वाचनालयाची घरपोच फेरी तुला ठाऊकच आहे. ज्यांना जिना उतरवत नाही अशी बावीस घरं, आणि त्यांच्यापर्यंत पुस्तक नेणारी मी एकटी. गेल्या आठवड्यात पंधराव्या घरी उजवा गुडघा असा कळवळला की निवृत्त टपालमास्तरांच्या हातात पुस्तक द्यायचं सोडून मीच त्यांच्या खुर्चीत बसले. ते बिचारे भिंतीला धरून उभे! डॉक्टर म्हणाले की सांधा शाबूत आहे, पण सायकल सोडा, वयाप्रमाणे वागा. हे चिटणिसांच्या कानावर गेलं. अठ्ठावीस तारखेच्या सभेत फेरी बंद करण्याचा ठराव येतोय, कारण दुसरं कुणी सायकल मारायला तयार नाही. बावीस माणसं नुसती भिंतीकडे बघत बसणार, मुंगे!

तू दिवसभर लोकांच्या अंगाला कपडे बसवतेस. एक सायकल आत्याच्या अंगाला बसवून दे. आणि तुझी पाठ दुखते म्हणे? दादा सांगत होते.

कळावे. लोभ आहेच, तो माझ्या सीटसारखा तळाला जाऊ देऊ नये.

तुझी आत्या


८ फेब्रुवारी

ती. आत्यास,
कृ. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी दुकानात मोठ्याने वाचलं. कोटाचं माप द्यायला आलेले बँकेतले साहेब इतके हसले की त्यांची छाती मला दोनदा मोजावी लागली.

आमच्या गल्लीतल्या सायकलवाल्यांना गाठलं. ते म्हणाले की पॅडल अगदी खाली असताना त्यावर टाच ठेवली तर पाय सरळ व्हायला हवा. मग चवडा ठेवून चालवताना गुडघा जरासाच वाकतो. तो कुरकुरत नाही. तुझा वाकतो कसला, घडी होतो!

तर आतल्या पायाचं माप हवं. अनवाणी हो, भिंतीला पाठ लाव. एक जाड पुस्तक दोन पायांमध्ये धरून सीटवर बसल्यासारखं घट्ट वर ओढ. त्याच्या वरच्या कडेशी भिंतीवर खूण कर आणि जमिनीपासून मोज. आकडा कळव, मी कापडी पट्टी कापून पाठवते.

माझ्या पाठीचं काय घेऊन बसलीस. शिंप्याची पाठ दुखायचीच.

लोभ असू दे, तो मी मापात घेत नाही.

तुझी मुंगी


११ फेब्रुवारी

चि. मुंगीस,
आशीर्वाद.

मोहीम फत्ते! पुस्तकावरून घरात वाद झाला. दादांनी टेलिफोनची जुनी यादी पुढे केली. मी बाणेदारपणे नकार देऊन शब्दकोश घेतला. माप द्यायचं तर भाषेच्या साक्षीने द्यावं. मग व्यासपीठावर उभी राहते तशी ताठ, सगळ्या सभेला दिसेन अशी उभी राहिले. खूण शेजारणीने केली.

एकोणतीस इंच! शेजारीण म्हणाली, चष्मा पुसा. पुसला. तरी एकोणतीसच. आता कळलं का, आपले पाय कुणी मोजलेच नव्हते!

लोभाची लांबीही अशीच निघो.

आत्या


१४ फेब्रुवारी

ती. आत्यास,
कृ. सा. न. वि. वि.

एकोणतीस वाचून मी जरा थबकले. पण गिऱ्हाइकाच्या मापावर शंका घेऊ नये, ही माझ्या शिवणकामातल्या उस्तादांची शिकवण. सोबत पट्टी पाठवते आहे. दोन्ही टोकांना लाल दोरा आहे. एक टोक खाली गेलेल्या पॅडलवर, दुसरं सीटच्या माथ्यावर. सुताचाही फरक करू नकोस.

लोभ आहे तो घट्ट विणीचा असावा.

मुंगी


१९ फेब्रुवारी

चि. मुंगीस,
आशीर्वाद. (आडवी पडून लिहितेय, अक्षर गोड मानून घे.)

मी स्वर्गाच्या दिशेने वीतभर सरकून आले आहे.

आमच्या सायकलवाल्याने पट्टी लावून सीट चढवली. तो दोनदा म्हणाला की बाई, हे जास्त होतंय. मी त्याला गप्प केलं. सांगितलं की ही पट्टी माझ्या भाचीने कापली आहे आणि तिने बेतलेला कपडा आजवर उसवलेला नाही. कट्ट्यावरून सायकलवर चढले आणि निघाले. वा! लोकांच्या कुंपणापलीकडे काय काय असतं ते मला प्रथमच दिसलं.

पण थांबायचं कसं? पाय जमिनीला पोचेना. पॅडल खाली गेलं की सुटायचं, वर आलं की नडगीवर बसायचं. चौकाला मी तीन चकरा मारल्या. गप्प राहणं माझ्या स्वभावात नाही, म्हणून फिरता फिरता वाटेतून बाजूला व्हा असं ओरडत होते. लोकांना वाटलं प्रचार आहे. तिसऱ्या चकरेला टाळ्या पडल्या! अखेर इस्त्रीवाल्याच्या चादरींचा ढीग दिसला आणि मी त्याच्यात देह ठेवला. हाडं शाबूत. चादरींना त्याने पुन्हा इस्त्री केली, आणि शेजारी बसवून मला पाणीही पाजलं.

पण दादांनी सायकलला साखळी घातली आहे. म्हणतात की अठ्ठावीसला तूच राजीनामा दे, शोभा राहील. नऊ दिवस उरले. मुंगे, चुकलं कुठे?

लोभ असावा, पाय पोचतील इतपत उंच.

आत्या


२१ फेब्रुवारी

ती. आत्यास,
कृ. सा. न. वि. वि.

आधी हसले, मग घाबरले, मग पुन्हा हसले. आता खरं सांग. माप देताना टाचा टेकल्या होत्या का? व्यासपीठावरची तुझी उभं राहण्याची तऱ्हा मी लहानपणापासून बघते आहे. तू भाषणाला उभी राहिलीस की चवड्यांवर जातेस आणि टाळ्या पडेपर्यंत खाली येत नाहीस!

आता माझाही गुन्हा ऐक. कापड धुतल्यावर आटतं, म्हणून माझा हात सवयीने दीड इंच जास्तच कापतो. पट्टी कापतानाही तेच झालं. लोखंड कुठे आटतंय! दोघींनी मिळून तुला हवेत टांगलं.

नवी पट्टी पाठवत नाही. टाचा टेकवून पुन्हा मोज, जे येईल तेच खरं. हँडलही जवळ घे. कोपर सीटच्या टोकाला लावलं की बोटं हँडलला पोचायला हवीत, असं आमचे सायकलवाले म्हणतात. बाबांना मी वेगळं पत्र टाकलं आहे, साखळी काढतील.

तुला नावं ठेवण्यात अर्थ नाही. उस्ताद सहा फुटी होते, त्यांच्या स्टुलावर मीही कडेला टेकूनच बसते. मशीनच्या पायडलला चवडेच पोचतात. त्यांची आठवण म्हणून तसंच ठेवलंय.

लोभ वाढवावा, पण आता मोजून.

मुंगी


१ मार्च

चि. मुंगीस,
आशीर्वाद, आशीर्वाद, आशीर्वाद!

सत्तावीस इंच. दोन इंच माझ्या वक्तृत्वाचे होते, ते मी जमिनीला परत केले. दादांनी स्वतः साखळी काढली, स्वतः पाना धरला आणि सायकलवाल्याच्या डोक्यावर उभं राहून मोजून घेतलं. हँडल दोन बोटं मागे आलं.

काल सभेपूर्वी बावीसच्या बावीस घरं केली. पंधराव्या घरी गुडघ्याची वाट पाहत क्षणभर थांबले. तो आलाच नाही! टपालमास्तरांनी आपली खुर्ची आधीच धरून ठेवली होती. थांबताना आता सीटवरून पुढे उतरावं लागतं, त्यामुळे दारात बसल्या बसल्या भाषण देता येत नाही. वाचकांनी या सुधारणेबद्दल चिटणिसांकडे लेखी समाधान कळवलं म्हणे. कृतघ्न मेले!

मग वाचनालयाचा जिना न थांबता चढले आणि सभेत टाचा टेकवून बोलले. आवाज तेवढाच लागला. ठराव बारगळला, फेरी चालू. चिटणिसांनी हळूच विचारलं की त्यांच्या बायकोच्या सायकलचं माप कोण घेईल.

आता तुझी पाळी. तुझं शेवटचं पत्र मी चारदा वाचलं. सहा फुटी माणसाच्या स्टुलावर चार फूट दहा इंचांची मुलगी अकरा वर्षं चवड्यांवर मशीन चालवते आणि वर मला सांगते की शिंप्याची पाठ दुखायचीच! अगं, हेच मला डॉक्टरांनी वयाबद्दल सांगितलं होतं. उस्तादांनी तुला माप घ्यायला शिकवलं ना? मग त्यांची आठवण तुझ्या हातात आहे, स्टुलाच्या पायांत नाही.

हे पत्र वाचून झालं की गिऱ्हाइकाला थांबव आणि सुताराला बोलाव. नीट मागे सरकून बस, पायडलवर पाय ठेव. टाच जितकी अधांतरी राहील तितके पाय कापून घे. स्टुलाचे. आणि एक सूतही जास्त सोडू नकोस, लाकूडही आटत नाही.

लोभाचं नंतर बघू. आधी करवत.

तुझी आत्या