लॉग ड्रमनं शोधलेली खरखर

चाचा, तुमच्या दुकानात मी चार वर्षं काढली, पण एकही गाणं तुम्ही मला पुरं ऐकू दिलं नाहीत. आपल्याकडे गाणं लागायचं ते स्पीकर तपासायला. दुरुस्त झालेल्या डब्यावर मुखडा वाजला की अंतरा सुरू व्हायच्या आत तुम्ही टेपचं बटण दाबायचात आणि म्हणायचात, "चालतोय. पुढचा आण." त्यामुळे आज पन्नाशीला आलो तरी गाणं मी गाणं म्हणून ऐकतच नाही. खाली काय घुमतंय, वर काय फाटतंय, एवढंच कानावर येतं. पण या वर्षी एक संगीत असं भेटलं की ज्याची गाणी सात-सात, आठ-आठ मिनिटांची असून मी ती शेवटपर्यंत ऐकतो. त्याबद्दल तुम्हाला सांगावंसं वाटतंय. त्याच्या आडून दुसरंही काही सांगायचं आहे, ते ओघात येईल.

मी दोह्यात आहे, अल मन्सूरात. आज शुक्रवार, खोलीतले दोघे बाहेर गेलेत आणि खालच्या खानावळीतून मटणाचा वास येतोय. इथल्याच मेसईद गावच्या खत कारखान्यात इलेक्ट्रिशियन म्हणून बारा वर्षं काढली. तिथल्या घोषणांचे भोंगे दुरुस्त करता करता साउंडच्या कामात आलो, ते कुणी बोलावलं म्हणून नाही, माझं मी पुस्तकं वाचून आलो. आता वर्ल्ड कपसाठी स्टेडियमं उभी राहतायत आणि त्यातल्या एकात प्रेक्षकांसाठीच्या स्पीकरची तपासणी माझ्याकडे आहे. माझ्या हाताखाली डिप्लोमावाले आहेत. माझ्याकडे कागद नाही. मी सगळ्यांना सांगतो, मी स्वतः शिकलो. हे वाक्य मी इतक्या वेळा बोललोय की आता विचार न करता तोंडातून निघतं.

आमच्या टीममध्ये दक्षिण आफ्रिकेची एक बाई आहे, तिशी ओलांडलेली, आवाजाची मापं घेणारी. तिचं गाव प्रिटोरियाच्या पूर्वेला, ममेलोडी. काळ्या लोकांना शहराबाहेर काढून वसवलेल्या ज्या वस्त्या होत्या, त्यातली एक. ती मला मालोमे म्हणते, तिच्या भाषेत मामा. उन्हाळ्यात दुपारी बाहेरचं काम बंद असतं, तेव्हा आम्ही पूर्वेच्या स्टँडखाली सावलीत बसतो आणि ती छोट्या स्पीकरवर तिचं संगीत लावते. अमापियानो त्याचं नाव. झुलू भाषेत 'अमा' लागलं की एकाचे अनेक होतात, म्हणजे नुसतं 'पियानो' म्हणा, पण पुष्कळ. पहिल्या दिवशी मी म्हणालो, यात ठोका कुठे आहे, अर्धं काम राहिलंय याचं. त्यावर ती बाकीच्यांना म्हणाली की मालोमे गाणं ऐकत नाहीत, त्याची हजेरी घेतात. सगळे हसले. मीही हसलो, पण घरी येऊन तेच गाणं कानाला लावून बसलो, कारण तिचं बोलणं खरं होतं.

तुम्हाला कळेल अशा भाषेत सांगतो. आपल्या हळदीच्या गाण्यापेक्षा याची चाल संथ. खाली एक खुळखुळा सतत, सुपात तांदूळ पाखडल्यासारखा. त्यावर पियानोचे सूर, चर्चमध्ये वाजवतात तसे मऊ, थोडे जॅझचे. मोठा ठोका जिथे आपण वाट पाहतो तिथे येतच नाही, आणि मग मध्येच खालून एक आवाज उगवतो, त्याला लॉग ड्रम म्हणतात. पोकळ लाकडावर टिपरी मारावी तसा सुरू होतो आणि विहिरीत कळशी सोडल्यासारखा खाली घसरत जातो. लाकूड मात्र कुठेच नाही, तो कॉम्प्युटरमधला तयार आवाज आहे, कुणीतरी कशासाठी तरी करून ठेवलेला. या पोरांनी तो उचलला, पार खालच्या पट्टीत नेला, आणि बेस आणि ताल ही दोन्ही कामं त्या एकालाच दिली. चाचा, मी साउंडमधला माणूस आहे, मला विचारा. हे फार मोठं डोकं आहे. दोघांची जागा एकाला दिल्यावर जी मोकळीक उरते, त्यात ते सबंध गाणं श्वास घेतं.

हे कुठे जन्मलं यावर तिकडे वाद आहेत. ती म्हणते ममेलोडीत. आमच्या गेटवरचा तिच्याच देशातला सुरक्षा अधिकारी म्हणतो जोहान्सबर्गच्या बाजूला. पालखीच्या मानावरून दोन गावं भांडावीत तसे ते भांडतात. त्याच्या मागे काय होतं ते मात्र दोघंही एकसारखंच सांगतात. त्यांच्या स्वातंत्र्याच्या काळात बाहेरून हाउस नावाचं नाचाचं संगीत आलं. तिथल्या लोकांनी ते आपल्या चालीवर संथ केलं, त्यात आपली बोली घातली, त्याला क्वाइटो म्हणाले. मग त्यांची पोरं आली. त्यांच्याकडे ना स्टुडिओ ना कंपनी. तिच्या थोरल्या भावाने तीन मोडक्या कॉम्प्युटरचा एक केला आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर गाणी बनवली. आई भाकरीचं पीठ मळायला आली की तो कॉम्प्युटर उचलून पलंगावर न्यायचा. गाणं अर्धवट असतानाच मोबाइलच्या ग्रुपवर जायचं, पेनड्राइव्हवर फिरायचं, कुणी त्यात भर घालायचं. रेडिओवाले म्हणायचे, हे कच्चं आहे.

परीक्षा व्हायची ती टॅक्सीत. त्यांच्या टॅक्सी म्हणजे आपली मिनीडोर रिक्षा समजा, पण मोठी, पंधरा माणसांची. तिचा काका ती चालवायचा. भाऊ सकाळी नवं गाणं काकाला द्यायचा आणि संध्याकाळी विचारायचा. काका तोंडाने काही सांगत नसे. लोकांनी गाण्यासाठी उतरायचा थांबा चुकवला तर काका हॉर्न वाजवत घरी यायचा. कुणीच चुकवला नाही तर गप्प जेवायला बसायचा. अशी ती गाणी एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीत गेली, गुत्त्यांत गेली, लग्नांत गेली. रेडिओला शेवटी लावावीच लागली. पुढे जग घरात कोंडलं गेलं तेव्हा लोक मोबाइलसमोर त्यावर नाचले आणि ती समुद्रापार गेली. आज इथल्या हॉटेलांतही ती वाजतात. स्वयंपाकघरातल्या टेबलापासून दोह्यापर्यंत, आणि मध्ये कुणाचाही शिक्का नाही. मला याचा अभिमान वाटला, जसा काही मीच ते केलं होतं. मी तिला म्हणालोही, ही सगळी माझ्यासारखी माणसं, स्वतः शिकलेली. तिने स्पीकर जवळ ओढला. पुढचं गाणं लावलं आणि नेहमीसारखं ते कुणी बनवलं आणि तिला कुणी दिलं, ते सांगितलं. प्रत्येक गाण्याला ती हे सांगते. हे मला शेजारच्या गल्लीतल्या अमक्याने दिलं, त्याला त्याच्या चुलत भावाने. मला वाटायचं ही बाई बोलघेवडी आहे.

मग पूर्वेच्या स्टँडवर ती खरखर निघाली. यंत्राने सगळे स्पीकर पास केले होते. तपासणीचा आवाज नीट, माणसाचं बोलणं नीट, युरोपातून आलेल्या तपासनीस साहेबांनी हिरवी खूण केली होती. शेवटी कानाने ऐकायची फेरी असते, त्यात काहीही लावा. तिने लॉग ड्रमचं गाणं लावलं. तो आवाज घसरत खाली गेला आणि एका ठिकाणी, एका क्षणापुरतं, वाळूवर चप्पल घासल्यासारखं काही ऐकू आलं. साहेब म्हणाले, छताचा पत्रा असेल. ती म्हणाली, पत्रा असेल. मी म्हणालो, कॉइल घासतेय. लिफ्ट मागवली, वर गेलो, चौथ्या डब्याची जाळी उतरवली आणि पाची बोटं स्पीकरच्या कागदी कोनवर गोल ठेवून अलगद आत दाबली. बोटांना आधी कळलं, कानाला नंतर.

ती बोटं तुमची होती, चाचा. अंगठा खाली, चार बोटं वर, जोर सगळीकडे सारखा, डोळे मिटलेले. श्रीवर्धनच्या त्या दुकानात तुम्ही प्रत्येक स्पीकर असाच दाबायचात. कॉइल आणि लोहचुंबकाच्या मध्ये केसाएवढी जागा, ती सगळीकडून सारखी राहावी म्हणून तुम्ही डॉक्टरांकडून जुने एक्स-रे मागून आणायचात आणि त्यांच्या पट्ट्या कापून मध्ये सरकवायचात. कुणाचं बरगडीचं हाड, कुणाचा गुडघा. गोंद वाळायला एक अख्खा दिवस, मगच पट्ट्या ओढायच्या. गणपतीच्या आधी मंडळाचा मोठा स्पीकर होता, मला घाई होती, मी सकाळी लावलेल्या पट्ट्या दुपारी ओढल्या आणि कोनच्या मधोमध बसते ती टोपी चिकटवून मोकळा झालो. मंडळाची माणसं न्यायला आली तेव्हा तुम्ही कोन दाबलात, ब्लेड घेतलंत आणि त्यांच्यासमोर टोपी कापून काढलीत. म्हणालात, "याला हात आहेत, कान नाहीत." मी त्याच दिवशी दुकान सोडलं. हा किस्सा मी पुष्कळांना सांगितला आहे, म्हातारा किती खडूस होता म्हणून. तपशिलाच्या बाबतीत मी स्वतःला पक्का समजतो, म्हणून आज तो नीट लिहितो. तुम्ही म्हणाला होतात, "याला हात आहेत, कान अजून यायचेत." 'अजून यायचेत' मी गाळत आलो.

खाली उतरलो तेव्हा साहेबांनी विचारलं, हे कुणी शिकवलं. माझ्या तोंडून नेहमीचं वाक्य गेलं. साहेबांनी पाठ थोपटली. ते म्हणाले, ही पद्धत लिहून काढा, बाकीच्या स्टेडियमांवर पाठवू, तुमच्या नावाने. चाचा, खरं सांगतो, छाती फुगली. कागद नसलेल्या माणसाची पद्धत कागदावर जाणार होती. ती मात्र परतीच्या बसमध्ये शेजारी येऊन बसली. मग म्हणाली, "मालोमे, माझा भाऊ कुठल्या शाळेत गेला नाही. पण त्याला पहिला आवाज कुणी दिला, दुसरा कुणी दिला, हे आमच्या गल्लीतलं शेंबडं पोरही सांगेल. आमच्याकडे एखादा म्हणाला की मला कुणीच दिलं नाही, तर लोक समजतात की याने चोरलं." ती हसत म्हणाली, मला लागावं म्हणून नाही. मी म्हणालो, आमच्याकडे तसं नसतं. ती म्हणाली, ओके मालोमे. आणि कानात इअरफोन घालून डोळे मिटले.

आमच्याकडे कसं असतं ते मला माहीत आहे. मी दुकान सोडून घरी बसलो होतो तेव्हा इथे असलेल्या तुमच्या पुतण्याचा निरोप आला होता की कतारला एक व्हिसा आहे. मला वाटलं, माझी कीर्ती ऐकून आला. इथे उतरल्यावर विमानतळावरून येताना तोच म्हणाला, चाचांनी तीन वेळा फोन केला, पोराचे हात चांगले आहेत म्हणाले. मी तुम्हाला पत्र टाकलं नाही. रागात होतो म्हणा, किंवा आभार मानले असते तर स्वतः आलो असं म्हणता आलं नसतं म्हणून म्हणा. काही वर्षांनी पुतण्याचा मेसईदला फोन आला की तुम्ही गेलात. मी शिफ्टच्या बसमध्ये चढत होतो. मी म्हणालो, "बरं." एवढंच.  त्यानंतर त्याने मला कधी फोन केला नाही. तो अल वक्र्यात राहतो, मेट्रोने गेलो तर अर्धा तास.

पद्धत लिहून झाली आहे. दोष शोधण्यापासून कॉइल पुन्हा बसवण्यापर्यंत, पट्ट्यांसह, गोंदाच्या एका अख्ख्या दिवसासह, बोटांच्या चित्रासह. लॉग ड्रमही लिहिला, की वरून खाली घसरणारा असा आवाज लावल्याशिवाय हा दोष सापडणार नाही, आणि त्यापुढे तिचं नाव आणि तिच्या भावाचंही. ती वाचून म्हणाली, काकाचं राहिलं. तेही घातलं. कंपनीच्या फॉर्मवर वर एक रकाना आहे, ही पद्धत कुणाची. काल मी तिथून माझं नाव खोडलं आणि 'चाचा' असं टाइप केलं. कॉम्प्युटर ते घेत नाही. पूर्ण नाव हवं म्हणतो.

इथे मी अडलोय. मंडळाच्या त्या स्पीकरच्या कॉइलला किती वेढे होते ते मला आजही पाठ आहे. तुमच्या कातरीच्या मुठीचा एक कान तुटलेला होता आणि तुम्ही त्याला सायकलची ट्यूब गुंडाळली होती, हे मी अंधारातही सांगेन. तुमचं आडनाव मला माहीत आहे, कारण ते अर्ध्या मोहल्ल्याचं आहे. दुकान तुमच्या भावाच्या नावावर होतं, पत्रं त्याच्या नावाने यायची, आणि गिऱ्हाइकांपासून मशिदीच्या इमामांपर्यंत सगळे तुम्हाला चाचाच म्हणायचे. पुतण्याला विचारता येईल. त्यासाठी आधी त्या 'बरं'बद्दल काहीतरी बोलावं लागेल, म्हणून सकाळपासून त्याचा नंबर समोर ठेवून मी त्याच्याऐवजी तुम्हाला लिहीत बसलोय. रविवारी फॉर्म द्यायचा आहे. संध्याकाळची मेट्रो धरीन, असं आत्तातरी ठरवलंय. हे पत्र टाकण्याचा प्रश्न नाही, चाचा. टाकायचं म्हटलं तरी पाकिटावर काय लिहायचं ते मला ठाऊक नाही. चार वर्षं तुमच्यासमोर बसलो आणि तुमचं नाव विचारलं नाही.