तळमजल्याचं घर कोणाला

मी, खाली सही करणारा, वय एकोणऐंशी, दोन वेळा आमदार, नंतर गृहनिर्माण मंडळाचा अध्यक्ष, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. कोणाचाही दबाव नाही. दबाव आणण्याइतकं आता मला कोणी मोजतही नाही.

एक. मोटार मुलाला. माझ्याकडे येऊन त्याने तिच्याखेरीज कशाचीच विचारपूस केली नाही, तेव्हा त्यांची ताटातूट नको.

दोन. मानचिन्हं, भाषणांची कात्रणं आणि ‘माजी आमदार’ ही पाटी भंगारवाल्याला. पाटीचं पितळ तरी अस्सल आहे.

तीन. पक्षाध्यक्षांना काही नाही. तिसऱ्या खेपेला त्यांनी माझं तिकीट कापलं आणि मी बोंब मारू नये म्हणून मंडळाची खुर्ची दिली. मीही मिंधा होऊन बसलो. शोकसभेत त्यांना बोलू देऊ नये. ते रडतात फार छान.

चार. राहतं घर, तळमजला, तीन खोल्या, माझ्या भाचीला. याचं कारण लिहिणं भाग आहे.

तिची आई म्हणजे माझी थोरली बहीण, पायाने अधू. आमची आई गेल्यावर ताईनेच मला वाढवलं. पहिल्या निवडणुकीत लंगडत लंगडत घरोघरी माझी पत्रकं वाटली. पुढे तिची इमारत धोकादायक ठरली आणि तिला संक्रमण शिबिरात पत्र्याची खोली मिळाली. तिने माझ्याच मंडळाकडे रीतसर अर्ज केला, सोडतीत तिला तळमजल्याचं घर लागलं. मी पत्रकारांदेखत यादीतलं तिचं नाव लाल पेनाने खोडलं. “माझी सख्खी बहीण आहे, म्हणून नाही,” असं म्हणालो. टाळ्या पडल्या, पेपरात फोटो आला. ताईने तो कापून जपून ठेवला. “पोरगं सरळ निघालं,” असं शेजारणींना सांगायची. नऊ वर्षांनी ती त्याच पत्र्याखाली गेली.

आता कोणालाच माहीत नसलेलं. खोडलेल्या नावाचं घर प्रतीक्षा यादीतल्या पहिल्याला जातं. तो पहिला पक्षाध्यक्षांचा मेहुणा होता. आदल्या दिवशी त्यांचा फोन आला होता: “खुर्चीही राहील आणि तुझं नावही होईल.” दोन्ही झालं. मला माझीच किळस येते.

स्थळ: राहतं घर. दिनांक: चौदा मार्च. (सही)
साक्षीदार: १. डॉक्टर (सही) २. भाची (सही)

त्याच दिवशी, सह्यांनंतर लिहिलेलं:

भाचीला मी फक्त वाचायला बोलावलं होतं. तिने उभ्यानेच वाचलं, चौथं कलम दोनदा. मग पेन घेतलं आणि दुसऱ्या साक्षीदाराच्या जागी सही ठोकली. सह्यांसाठी बोलावलेले वकील ओरडले, “अहो बाई, ज्याला मिळायचं त्यानेच साक्ष दिली की त्याचा हक्क बुडतो!”

“ठाऊक आहे. वीस वर्षं नोंदणी कचेरीत हेच कागद तपासते.”

म्हणजे घर वारस म्हणून मुलाला जाणार आणि तो ते विकणार. मी म्हणालो, “थांब, दुसरा कागद करतो.” ती दारात चपला घालत होती.

“नको, मामा. या वेळी नाव मीच खोडलंय.”