गाय की गाळ

९ नोव्हेंबर १९७२

ओगले सरांनी आज भाषाशास्त्राच्या तासाला विचारलं, "इकडची बोली कुणाकुणाच्या घरी बोलतात?" एक हात वर नाही. अर्धा वर्ग वर्धा-भंडाऱ्याचा, पण सगळे जणू पुण्यातच जन्मलेले! मीही मान खाली घालून बसले. तर सर म्हणाले, "प्रेमलता, तू खापरखेड्याची ना?" धरणी दुभंगली असती तर बरं झालं असतं.

तासानंतर बोलावलं. सरांना इथल्या बोलीवर काम करायचंय. ते स्वतः पुण्याचे. घरची बोली बोलणारं, शाळेत न गेलेलं माणूस हवंय. "तुझ्या आईला आणशील? टेपच्या मशीनवर बोलणं भरून घेऊ. निबंध तू लिही, डिसेंबरच्या परिसंवादात तूच वाच." आमच्या कॉलेजात बी.ए.च्या मुलीला परिसंवादात कधी उभं केलेलं नाही. आणि निबंध चांगला झाला तर पुण्याला एम.ए.साठी सरांची शिफारस!

आईला न विचारताच हो म्हणून आले.

१० नोव्हेंबर

कुमुदला सांगितलं. धरमपेठेतली, माझ्याच बाकावर बसते. "अय्या, तुझी आई? किती गोड बोलत असतील ना!" गोड म्हणे! पहिल्या वर्षी माझ्या तोंडून 'मले' निघालं होतं तेव्हा हीच बाई पोट धरून हसली होती. 'मले'चं 'मला' करायला मला अख्खी टर्म लागली. आता तेच गोड झालं.

१२ नोव्हेंबर, रविवार

घरी जाऊन आले. पॉवर हाऊसची राख क्वार्टरच्या अंगणात नेहमीसारखी. बाबा बॉयलरवरून नुकतेच आले होते. मायला सांगितलं तर तिनं भाकरी तव्यावर तशीच ठेवली.

"मले काहून वं? मी काय शिकेल हाय? तिथं मोठमोठाले सायेब. तुह्यी इज्जत जाईन."

"अगं, जशी घरी बोलतेस तशीच बोलायचंय."

"घरचं लुगडं नेसून कोनी लग्नाले जाते काय?"

बाबा म्हणाले, "जाय न वं. पोट्टी म्हनते तं जाय." मग तयार झाली. भाकरी मात्र करपली.

१९ नोव्हेंबर

सरांनी काल मशीन दाखवलं. माझंच चार ओळींचं बोलणं भरून ऐकवलं. कुणी पुण्याची मुलगी बोलतेय असं वाटलं. खूष झाले! नंतर दिवसभर कशात लक्ष लागलं नाही. का, ते कळलं नाही.

२७ नोव्हेंबर

झालं एकदाचं. काय झालं ते लिहायला हात उचलत नाही, पण लिहिते.

आई-बाबा पहिल्या बसनं आले. बाबांनी अर्धी रजा टाकली होती. मायनं पांढरं लुगडं नेसलं होतं, दसऱ्याला दीक्षाभूमीवर जाताना नेसते ते. सर उठून उभे राहिले, खुर्ची पुढे केली. "बसा भीमाबाई. लहानपणचं काहीही सांगा. घरी बोलता तसं." मशीन सुरू झालं. कुमुद वही घेऊन माझ्या शेजारी.

मायनं पाठ ताठ केली, हात जोडले. 'जय भीम' म्हणेल असं वाटलं. म्हणाली, "नमस्कार." मी तिच्याकडे बघतच राहिले. हिनं जन्मात कुणाला नमस्कार म्हटलेलं नाही!

"माझे नाव भीमाबाई मारोतराव मेश्राम. माझे बालपण कामठी तालुक्यात गेले. आमच्या घरी एक गाळ होती."

गाळ? सरांनी मान वर केली.

"ती गाळ फार गरीब होती. एके दिवशी तिचा पाळ मोडला. आमच्या मणाला फार दुःख झाले. गावात औषधाची सोळ नव्हती."

कुमुदनं रुमाल तोंडात कोंबला. मला मात्र लख्ख कळलं. आमच्याकडे शाळेला शाया म्हणतात, डोळ्याला डोया. शिकलेले लोक 'य' म्हणत नाहीत, 'ळ' म्हणतात, एवढं कुणीतरी मायला सांगितलं असणार. तिनं मग एकही 'य' सोडला नाही. गायीची गाळ केली, पायाचा पाळ, सोयीची सोळ. तेच 'पानी'चं पाणी, म्हणून 'मना'चं मण. माझी इज्जत जाऊ नये म्हणून!

मध्येच थांबवावं, सांगावं, माय, गाय गायच असते गं. नाही सांगितलं. सर डोळे मिटून ऐकत होते.

संपल्यावर सर म्हणाले, "फार छान बोललात." मायचा चेहरा असा उजळला! बस-स्टँडवर बाबा हळूच मला म्हणाले, "पंधरवडा झाला, रेडिओच्या बातम्याईसमोर बसून राहिली. शेजारच्या इंदूबाईले इचारे, अन् मलेच बोलून दाखवे. मी म्हनलं, बराबर हाय." माय बसच्या खिडकीतून म्हणाली, "सायबानं छान म्हटलं. तुनं आयकलं न वं?"

ऐकलं, माय.

२८ नोव्हेंबर

मला वाटलं होतं सर टेप पुसायला सांगतील. उलटच! खोलीत येरझाऱ्या घालत होते. "प्रेमलता, हे सोनं आहे! साधी बोली कुठेही मिळेल. शुद्ध बोलायच्या धडपडीत माणूस कसा चुकतो, याचा इतका सुंदर नमुना मिळत नाही. निबंध यावरच लिही."

मी म्हटलं, "सर, मी तिला परत आणते. तिच्यासारखी बोलेल ती."

"छे, छे! एकदा सांगितलंस की बिघडेल सगळं."

"पण सर, आई आहे ती माझी."

"नाव घालू नकोस. 'निवेदक एक' म्हण. झालं तर!"

झालं तर.

१ डिसेंबर

लिहायला घेतलं. पुणं डोळ्यांसमोर ठेवलं की लिहिता येतं. लिहिताना माय दिसत नाही, नुसता 'ळ' दिसतो. चांगलं लिहितेय मी. चांगलंच लिहितेय, हेच वाईट.

१० डिसेंबर, रविवार

घरी सांगितलं, शुक्रवारी मी भाषण वाचणार. "माह्यावर?" मायनं विचारलं. "बोलीवर गं," मी म्हटलं. खोटं नव्हतं. बाबांनी शेजारी-पाजारी सांगूनही टाकलं.

१५ डिसेंबर

हॉल खच्चून भरलेला. पुण्या-मुंबईचे प्राध्यापक पहिल्या रांगेत. मी वाचलं. आवाज कापला नाही. उदाहरणाची वेळ आली तशी सरांनी मशीन सुरू केलं. मोठ्या कर्ण्यातून मायचा आवाज — "आमच्या घरी एक गाळ होती." हॉल हसला. वाईट हसला असंही नाही, मुलाचे बोबडे बोल ऐकून हसतात तसा. मी थांबले, हसू ओसरू दिलं आणि मग नियम समजावला. थांबायचं कुठे, ते मी आधी ठरवून ठेवलं होतं! 'पाळ'ला पुन्हा हसले. टाळ्या खूप वेळ पडल्या. ओगले सरांनी पाठ थोपटली. पुण्याच्या एका सरांनी नाव विचारून लिहून घेतलं.

तेव्हा मागच्या दाराकडे नजर गेली. बाबा, धुतलेल्या सदऱ्यात. शेजारी पांढरं लुगडं. मी बोलावलं नव्हतं. मुलीचं भाषण म्हणून स्वतःच आले होते! बाबांचे हात टाळीला उचललेले तसेच राहिले होते. माय माझ्याकडे बघत नव्हती. ती कर्ण्याकडे बघत होती.

गर्दीतून वाट काढत दारापर्यंत गेले तोवर दोघंही नव्हते. शिपाई म्हणाला, "तुमच्या घरचे होते काय? बस सुटून राहिली म्हने."

सरांनी संध्याकाळी सांगितलं, शिफारसपत्र उद्याच लिहितो. मी थँक्यू म्हटलं. खोलीवर येऊन रडले. रडताना तोंडून 'माय वं' निघालं. दोन वर्षांत पहिल्यांदा.

१७ डिसेंबर, रविवार

घरी गेले. माफी मागायचं पाठ करून गेले होते. मायनं आतूनच बाबांना विचारलं, "कोन आलं जी? पाहा बरं." मग बाहेर आली. मला पाहिलं. पदर सारखा केला.

"या. बसा."

"माय, मी हाओ न वं! अशी काहून बोलून राहिली?"

तिनं माझ्यासाठी खुर्चीवर धुतलेली चादर टाकली. रागात नव्हती. जपून, एकेक शब्द तोलून म्हणाली, "आपण दमून आला असाल. आपल्याला चहात साखर किती लागते?"

एकही चूक नव्हती.