हिचं कोणी नाही

३ नोव्हेंबर
सावंतवाडीच्या फोटो-प्रदर्शनात माझे दहा फोटो लागणार. विषय : घर आणि समाज. डॉक्युमेंटरी! लग्नांचं शूटिंग आजपासून कायमचं बंद. (परवाचं कट्टा गावचं लग्न धरायचं नाही. शब्द दिलाय.)

६ नोव्हेंबर
निराधार म्हातारी शोधत मसुऱ्यात दोन दिवस फिरलो. एकीने हाकललं. दुसरीने चहा पाजून नातवाच्या मुंजीचा रेट विचारला. मग सुचलं, घरात अक्का आहे! माझी थोरली बहीण, वय एकाहत्तर. अडचण एवढीच की ती निवृत्त मुख्याध्यापिका. इस्त्रीशिवाय साडी नेसत नाही. घरही तिच्या पेन्शनवर चालतं. (तात्पुरतं. अकरा वर्षं.)

९ नोव्हेंबर, सकाळी ७
अक्काला पायपुसण्यासाठी काढलेली साडी नेसायला लावली. केस सोडले, चष्मा काढला. मागच्या पडवीत बसवली. म्हणाली, "बाळा, तू सांगतंस म्हणान नेसतंय. पण कोणाक दाखव नको." होय म्हटलं. प्रदर्शन म्हणजे दाखवणं नव्हे, ती नोंद असते.
उन्हाने तिच्या डोळ्यांत पाणी आलं. अप्रतिम फ्रेम.

२ डिसेंबर
उद्घाटन. त्या फोटोला नाव दिलं, 'हिचं कोणी नाही'. एक बाई रडली. मी नम्रपणे बाजूला उभा होतो, कॅमेरा दिसेल असा.
निश्चय : अक्काला उद्या सगळं सांगायचं.

४ डिसेंबर
राहिलं. तिचा मूड चांगला होता. कशाला बिघडवा?

५ डिसेंबर
अक्काचा जुना विद्यार्थी दत्तप्रसाद, आता वकील, फोटोपुढे खिळला. मला ओळखलं नाही. विचारलं, "बाईंका धाकटो भाव होतो मा? मेलो काय तो?" म्हटलं, कल्पना नाही. डॉक्युमेंटरीवाल्याने विषयात लुडबुड करू नये.

८ डिसेंबर, दुपार
दत्तप्रसाद आणखी चार विद्यार्थ्यांना घेऊन घरी हजर. तांदळाची गोणी, दोन नव्या साड्या. दारात अक्का, कडक इस्त्रीत. मागे मी. ते एकदा तिच्याकडे, एकदा गोणीकडे बघू लागले. शेवटी एकाने मोबाइलमधला फोटो तिच्यापुढे धरला, नावासकट.
अक्काने चष्मा पुसून बराच वेळ पाहिलं. माझ्याकडे वळलीसुद्धा नाही. सगळ्यांना आत बसवलं, चहा केला, प्रत्येकाला मुलांची नावं विचारली. निघताना ते ओशाळून गोणी उचलू लागले.
"साड्यो घेवन जावा," अक्का म्हणाली. "तांदूळ ऱ्हवांदेत. मी गेल्यार ह्येका लागतले."
गमतीत म्हणाली असणार.
हसलं मात्र कोणी नाही.