नळासमोरच्या बाटल्या

शुक्रवार संध्याकाळ, सप्टेंबर १९९७, वसई

अजून त्या बाटल्याच डोळ्यांसमोर. पाण्याच्या नळावर आणखी एक मारामारी झाली, तर तिसरीतल्या सुगंधाला शाळेतून काढू, असं मोठ्या बाईंनी बजावलेलं. मी तिला शांतिपाठ शिकवला. ‘शांतिः’ म्हणतानाही ती शेजारणीला ढकलायची! शेवटी विचारलं, "पाचूबंदरला विकायची मासळी घेताना आई अशीच भांडते?"

"नाय बाई, तिथं बायका मासळीच्या पाट्या लायनीत ठेवतात. जिची पाटी पुढं, तिचा नंबर पयला."

"मग इथंही बाटल्या तशाच ठेव."

आज तिनं सगळ्यांच्या बाटल्या रांगेत लावल्या. आठवडाभरात पहिल्यांदाच कुणी रडलं नाही. मी बोलावलेली आई धास्तावूनच आली. "आता कोनाला मारलंन?"

मी बाटल्या दाखवल्या. मोठ्या बाईंचीसुद्धा, पहिलीतल्या पोराच्या मागे.

"आनि माज्या पोरीची?"

"सगळ्यांत शेवटी. तिनंच ठेवली."