बाबांना ऐकवायचं आहे

४ फेब्रुवारी, रविवार

झालं! एकदाचं झालं! तीन मिनिटं चाळीस सेकंद!

सकाळपासून कपाटात डोकं खुपसून बसले होते. खरंच कपाटात – कपड्यांमुळे रेकॉर्डिंगमध्ये आवाज घुमत नाही. आई दोनदा विचारून गेली, "काय हरवलंय गं?" खाली जाड ठोका आणि त्याच्यावर माझी शिट्टी, कॉम्प्युटरवर आणखी वर चढवलेली. बारीक, पाखरासारखी. शब्द नाहीत. गाण्याचा सगळा जीव त्या शिट्टीत.

चोवीस तारखेला वाचनालयाच्या हॉलमध्ये हौशी लोकांचा कार्यक्रम आहे. नाव देऊन बसले आहे! पण आधी घरी ऐकवायचं. आईचं मत मी धरत नाही, ती मी करपवलेल्या भाजीलाही छान म्हणते. बाबा वेगळे. पंखा, पंप, मिक्सर, काहीही आणा – दहा सेकंद कान देतात आणि काय बिघडलंय ते सांगतात. तीस वर्षं वर्कशॉप त्या कानांवर चाललंय. कुणाला बरं वाटावं म्हणून त्यांनी आजवर एक शब्द उच्चारलेला नाही. ते चांगलं म्हणाले तर चांगलं. नाहीतर मी नाव मागे घेणार. ठरलं म्हणजे ठरलं.

५ फेब्रुवारी, सोमवार

धीर झाला नाही.

७ फेब्रुवारी, बुधवार

आजही नाही. बाबा आधी जेवत होते, मग पेपर वाचत होते, मग नखं कापायला बसले. नखं कापणाऱ्या माणसाला गाणं कसं ऐकवणार?

चष्म्याच्या दुकानात मालकांना सांगितलं. ते हसायलाच लागले. "दिवसभर गिऱ्हाइकांना 'खालची ओळ वाचा, खालची ओळ वाचा' म्हणून दरडावतेस, आणि स्वतःच्या बापाला भितेस?"

भितेच मुळी!

१० फेब्रुवारी, शनिवार

ऐकवलं. एकदाची मोकळी झाले. आता लिहिते, नाहीतर डोकं फुटेल.

चहा झाल्यावर स्पीकर टेबलावर ठेवला. म्हटलं, मी एक गाणं केलंय, ऐका. आई पदर सावरून बसली, जणू कुणी पाहुणेच येणार आहेत. बाबांनी चष्मा काढला. (ऐकायचं असलं की ते चष्मा काढतात. का, देव जाणे.) ठोका सुरू झाला तशी त्यांची मान हलायला लागली. मग शिट्टी आली – आणि मान तशीच हलत राहिली. काहीच फरक नाही. मिनिटभराने म्हणाले, "सुरू कधी होणार?"

सुरू कधी होणार!

"सुरू झालंय, बाबा."

"हो का? ठोका छान आहे. एकसारखा, कुठे अडखळत नाही. पण पुढे काय? ताट मांडलंयस, पाणी ठेवलंयस, आणि वाढायचं विसरलीस."

आईने तोंड उघडलं, "अहो, ते वर –" आणि मिटलं. मग "छान आहे हो, खूपच छान" करत गॅस बघायला गेली. गॅसवर काहीही नव्हतं!

बरं, बाबा चिडून किंवा टिंगल करत बोलले नाहीत. अगदी मनापासून सांगितलं. तेच जास्त लागलं.

११ फेब्रुवारी, रविवार

रुसले होते. दुपारपर्यंत. मग विचार केला, बाबांचं कधी चुकलंय का? ते म्हणाले वाढलेलं नाही, म्हणजे नसेल वाढलेलं. शिट्टी फारच नाजूक असेल. तर आता वाढते!

शिट्टीला जोडीला घुंगरू घातले. मग एक बारीक घंटा. मग काचेच्या पेल्यावर चमचा. मग दुसरी घंटा, पहिलीहून बारीक. खाली काही लावलं नाही. खालचा ठोका तर त्यांना आवडलाय, त्याला कशाला हात लावा?

१३ फेब्रुवारी, मंगळवार

दुसरी फेरी. आईने कपाळाला हात लावला. बाबांनी चष्मा काढला, ऐकलं, चष्मा घातला.

"मागच्यापेक्षा काय बदललंस?"

मी उठले. दारही जरा आपटलंच. पाठीमागून बाबांचा आवाज, "अगं, विचारलं फक्त!"

आई मागोमाग खोलीत. हळूच म्हणते, "ते किणकिणणं काढ बाई, भांड्यांचं कपाट कोसळल्यासारखं वाटतं. पहिलंच गोड होतं. ती शिट्टी... मला रडू आलं होतं त्या दिवशी."

"मग तेव्हा का नाही बोललीस? गॅस बघायला कशाला पळालीस?"

"तू झोप आता." साडेसात वाजले होते.

कार्यक्रमाच्या बाईंना फोन करायला हवा, नाव काढा म्हणून. उद्या करते.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

फोन केला नाही. बरं झालं केला नाही.

अर्धा दिवस सुट्टी होती, म्हणून वर्कशॉपला गेले. दार आपटल्याबद्दल माफी मागायची होती. आई तिथेच होती. गेलं दीड वर्ष ती रोज दुपारी तिथे जाते. घरी करमत नाही म्हणते. मी म्हणायचे, या वयात काय हे प्रेम उतू चाललंय!

दारातच थांबले, कारण गिऱ्हाईक होतं. टेबलावर पंखा फिरत होता. बाबा त्याच्यावर वाकून, डोळे मिटून कान देत होते – नेहमीची ऐट. आई बाबांच्या समोर, गिऱ्हाइकाच्या मागे, स्टुलावर. मग बाबांनी डोळे उघडले आणि पंख्याकडे न बघता आईकडे बघितलं. आईने मांडीवर एक बोट उचललं.

"बेअरिंग," बाबा गिऱ्हाइकाला म्हणाले. "घासतंय. परवा न्या."

गिऱ्हाईक खूश! "तुमच्यासारखा कान कुणाचा नाही बुवा."

पुढचा मिक्सर. डोळे मिटले, उघडले, आईची दोन बोटं. "कार्बन झिजलाय."

मला पंख्याची ती बारीक किंकाळी दारापर्यंत ऐकू येत होती. आणि बाबा त्या पंख्यावर वाकूनही आईच्या बोटाकडे बघत होते!

आईने मला पाहिलं. बाहेर आली, माझा दंड धरून कोपऱ्यापर्यंत नेलं.

"बारीक आवाज जातात ह्यांचे. बोलणं, गाड्या, ठोके सगळं येतं. बारीक तेवढं येत नाही. एक बोट बेअरिंग, दोन कार्बन, तीन काहीतरी सैल."

"डॉक्टर?"

"नाव काढू देत नाहीत. म्हणतात, मेकॅनिकने कानाला मशीन लावलं की गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात. धंद्यात झाकली मूठ सव्वा लाखाची. तुला सांगायचं नाही, अशी शपथ घातलीय. तू विचारलं नाहीस, मी सांगितलं नाही. तूच बघितलंस."

आईची पळवाट बघा! हसू आलं आणि मग तिथेच, भर रस्त्यात, डोळ्यांना धारा. दिवसभर लोकांचे डोळे तपासते मी. घरातल्या माणसाचं काही दिसलं नाही. दारं आपटत बसले!

बाबांना माझं गाणं आवडलं नाही असं नाहीच. ते त्यांच्यापर्यंत पोचलंच नाही.

१६ फेब्रुवारी, शुक्रवार

पहाटे उठून कपाटात. घुंगरू, घंटा, चमचा – सगळं काढलं. शिट्टी खाली आणली. एक सप्तक, दोन सप्तकं, अजून थोडी. पाखराचा झाला बैल! हुंकारतो नुसता. चालेल. कार्यक्रमालाही हेच वाजवीन. लोक काय म्हणतील ते म्हणोत.

१७ फेब्रुवारी, शनिवार

लावलं. बाबांची मान हलता हलता थांबली. संपल्यावर म्हणाले, "परत लाव." परत लावलं. मग तिसऱ्यांदा. आई गॅसकडे गेली नाही.

"हे आधीपण होतं?"

"हो."

"वर होतं?"

मी आईकडे बघितलं. आईने जमिनीकडे.

"तिथे जास्त चांगलं वाटत होतं का? खरं सांग."

"हो, बाबा."

त्यांनी चष्मा घातला. मग म्हणाले, "तर तिथेच ने परत. माझ्यासाठी खाली उतरू नकोस. मी येतो वर."

आणि स्वतः फोन लावला, कानाच्या डॉक्टरांकडे. पलीकडच्या मुलीला आपलं नाव दोनदा सांगितलं. ती काहीतरी विचारत होती. तिने तिसऱ्यांदा विचारल्यावर त्यांनी फोन माझ्या हातात दिला.

"हिचा आवाज फार बारीक आहे," म्हणाले. "तू ऐक."

मंगळवार, सकाळी अकरा वाजता.